माझी पाटी, बाईंचा हात

दुसऱ्याच्या अंगणात दाट, सारखं कापलेलं, पायाखाली गुबगुबीत लागणारं लॉन दिसलं की माझ्या पोटात आजही कळ उठते. गुडघे गेले, खुरपं सुटलं, पण ही कळ काही रिटायर व्हायला तयार नाही. कुणी लावलं असेल हे? माती कुठून आणली? कडा इतक्या सरळ कशा? मी फाटकाशी उभा राहून त्या हिरवळीत खोट शोधतो. एखादा लव्हाळा दिसला तर लई बरं वाटतं. तेवढ्यावर माझा दिवस चांगला जातो.

म्हणून या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "लॉनच्या कामाला माणूस लावताना घरमालक काय काय चुका करतात, त्यावर लिहा," तेव्हा मी मांडी ठोकून बसलोच. लोकांच्या चुका सांगायचं काम, आणि तेही छापून येणार! पण संपादकांनी चहाचा घोट घेतला आणि पुढं म्हणाले, "म्हणजे, बाईंना विचारून लिहा." बघा. चहा माझ्या घरचा, आणि विचारायचं बाईंना. बाई म्हणजे आमची कारभारीण. ती आत भाकरी थापून राहिली होती. तिथूनच ओरडली, "तुमीच लिव्हा, मला कुठं लिव्हाय येतंय?" तेव्हा हे मी लिहितोय, तिनं नाही. एवढं सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी मी मुरुडजवळच्या एका रोपवाटिकेत मजूर होतो. कलमं बांधायची, पिशव्या भरायच्या, साहेब आले की नळी हातात धरून उभं राहायचं. जिल्हा झाला आणि गावात ऑफिसांवर ऑफिसं आली. साहेबाला बंगला, बंगल्याला अंगण आणि अंगणाला लॉन. साहेबांचं बघून डॉक्टरांना पाहिजे, डॉक्टरांचं बघून वकिलांना, वकिलांचं बघून आडत दुकानदारांना. तोवर आमच्या भागात अंगण म्हणजे तुळस, शेवगा आणि कडेला एक म्हैस. मी रोपवाटिका सोडली, लातूरला एक खोली भाड्यानं घेतली आणि दारावर पाटी रंगवून घेतली: "विश्वनाथ. लॉन व बागकाम करून मिळेल."

आमचे वडील मुरुडच्या शिवारात कोरडवाहू शेती करायचे. त्यांना धंदा समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली. लॉन म्हणजे शेवटी काय? हरळी. आणि हरळी म्हणजे शेतकऱ्याची सात जन्माची वैरीण. कुदळीनं खणा, नांगरानं उपटा, बांधावर वाळवा, पुढच्या साली हजर. वडिलांची हयात तिच्यापायी गेली. ते म्हणाले, "लोकं पैसे देऊन हरळी लावून घेतेत? आन् तू ती लावतो?"

"हाव."

"मग आपल्या रानातली ने की. वाटलं तर तुला वर जेवायला घालतो."

मी खरंच नेली. लातूरच्या पहिल्या दोन-तीन बंगल्यांत आमच्या वडिलांची वैरीण मोठ्या थाटात नांदली.

आता चुकांकडं येतो. पहिली चूक ही की लोक विचारतात, "हिरवं कधी दिसंल?" माती कशी आहे, पाणी कुठून येणार, उतार कुणीकडं आहे, हे कुणी विचारत नाही. आमची माती काळी. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. तिच्यात रेती आणि कुजलेलं शेणखत मिसळावं लागतं, जुनी मुळं हातानं वेचून काढावी लागतात, घरापासून लांब उतार द्यावा लागतो. यात एक महिना जातो आणि महिनाभर मालकाला नुसती माती दिसते. तो खिडकीतून बघतो आणि म्हणतो, हा माणूस काय करून राहिला?

एका ओव्हरसियर साहेबांना महिनाभर दम नव्हता. मोठे साहेब चहाला येणार होते. त्यांनी मला सोडून एका दुसऱ्या माणसाला बोलावलं. त्यानं कुठूनशी कापलेल्या गवताच्या गाद्या आणल्या आणि मुरमावर चटया टाकाव्यात तशा अंथरल्या. सकाळी उघडं अंगण, संध्याकाळी हिरवंगार. चहाच्या दिवशी मी कंपाउंडबाहेर सायकल धरून उभा होतो. आत कपबशा वाजत होत्या, मोठे साहेब बूट काढून गवतावर चालत होते आणि तो माणूस पांढरा शर्ट घालून कोपऱ्यात हात बांधून उभा होता. जळफळाट म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आठवड्यात त्या गाद्यांच्या कडा पापडासारख्या वर आल्या. साहेबांनी मला परत बोलावलं, पण तो पांढरा शर्ट काही माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

एक फौजदार साहेब होते. त्यांना लॉन त्यांच्या डोक्यासारखं पाहिजे होतं, म्हणजे मुळापर्यंत भादरलेलं. दर रविवारी बनियनवर उभे राहून म्हणायचे, "अजून बारीक!" मी सांगायचो, साहेब, गवत पानातून जेवतं, वरचा तिसरा हिस्साच कापावा. ते म्हणायचे, "तू मला कायदा शिकवतो?" मी कापलं. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणाला जागोजागी टक्कल पडलं, आणि आळशीपणाचा आरोप माझ्यावर आला. गौरी-गणपतीत तर दर साली तकरार. गल्लीतल्या बायका दुर्वांसाठी पहाटे कंपाउंडमधून हात घालायच्या, आणि कोपरे उघडे पडले की मालक माळ्याकडं बघायचे.

पण या सगळ्यांत मोठी चूक, जी फक्त आपल्याकडचे लोक करतात, ती हातगुणाची. आपल्याकडं बी पेरायला, लोणचं घालायला, विहिरीची जागा बघायला हात बघतात. एखाद्याच्या हाताला यश असतं म्हणतात, आणि मग त्या हाताशिवाय चालत नाही. माती राहिली, पाणी राहिलं, हात पाहिजे. ही चूक लोकांनी केली नसती तर माझं आयुष्य सुखात गेलं असतं. कारण तो हात माझा नव्हता.

आमची कारभारीण देगलूरकडची. तिच्या माहेरी निम्मी भाषा तेलुगू. लग्न होऊन मुरुडला आली तेव्हा काही सांगितलं की "एंदुकु?" म्हणायची, म्हणजे "कशाला?" आणि आमची आई म्हणायची, ही पोरगी एंदू एंदू काय करती. लातूरला आल्यावर ती घरीच होती. एका इंजिनिअर साहेबांचं लॉन लावायचं होतं आणि ऐन वेळी मजूर लग्नाला गेले, म्हणून मी तिला सोबत नेलं. अर्धं अंगण मी लावलं, अर्धं तिनं.

लावण म्हणजे काय, ते सांगतो. हरळीचे लांब दोर असतात, त्यांना पेरं असतात. दोन-तीन पेरांचे तुकडे करायचे, पातळ शेणकाल्यात बुडवायचे आणि चार-चार बोटांवर मातीत खोवायचे. एक पेर वर, बाकीची आत. मग दाबायचं. एवढंच. लहान पोराला जमेल असं काम. पण पंधरवड्यानं आम्ही गेलो तर तिच्या बाजूला हिरवा गालिचा आणि माझ्या बाजूला, काय सांगू, खरूज झालेलं कुत्रं. इंजिनिअर साहेबांच्या मंडळी ओसरीत येऊन म्हणाल्या, "ही बाजू कुणी लावली?"

मी म्हणालो, "आम्हीच लावली."

"आम्ही म्हणजे कुणी?"

आमची कारभारीण पदर तोंडाला लावून हसली. झालं. तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

माझं आजही म्हणणं आहे की तिच्या बाजूला धुण्याचं पाणी झिरपत होतं आणि माझ्या बाजूला कडुलिंबाची सावली होती. लिंबाखाली हरळी धरत नाही, कुणालाही विचारा. पण मंडळी दुसऱ्या दिवशी शेजारच्या डॉक्टरीणबाईंकडं गेल्या, त्यांनी तिसरीकडं सांगितलं आणि महिन्याभरात गाव म्हणायला लागलं, माळीणबाईंचा हात लागला पाहिजे. लोक माझ्या दारावर यायचे, माझी पाटी वाचायचे, मला नमस्कार करायचे आणि म्हणायचे, "विश्वनाथराव, बाई येतील ना?"

मी नवरा असून दलाल झालो.

मी तिचा हात चोरून बघायचो. ती उकिडवी बसायची, तोंडानं तेलुगूत काहीतरी गुणगुणायची, काडी खोवायची आणि अंगठ्यानं दाबून वर टाचेनं हलकेच टेकवायची. पुढं सरकायची. मी तसंच केलं. अंगठा, टाच, सगळं. गुणगुणलोसुद्धा. माझी हरळी धरायची, न्हाई असं नाही, पण तिची हसायची. मी तिला पाला गोळा करायला बसवायचो आणि लावण स्वतः घ्यायचो. तर मालकीणबाई ओसरीतून हाक मारायच्या, "अहो, त्यांना काय पाला वेचायला लावलंय?" तिला कपबशीत चहा यायचा, ओसरीवर. मला ग्लासात, नळापाशी. संक्रांतीला तिची ओटी भरायचे. एकीनं तर नव्या घराच्या कुंड्यांना नुसता हात लावायला तिला बोलावून नेलं, आणि जाताना इरकल लुगडं दिलं. मी घरी लुगड्याकडं बघून म्हणालो, "रंग जाईल याचा." नाही गेला.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा अर्धा गेला, दुसरा पुरता. हापशाचा दांडा मारला की नुसती हवा यायची, आणि गल्लीगल्लीत बायकांच्या घागरींच्या रांगा लागल्या. असल्या दिवसांत लॉन कोण लावणार? नवी कामं बंद, जुनी एकेक करून सुटली. माझ्या पाटीवर धूळ बसली. आमचं चाललं ते एका बिराजदार शेठच्या बंगल्यावर. शेठची मार्केट यार्डात भुसाराची आडत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, माणूस सज्जन पण हट्टी. त्यांच्या आवारात बोअर होता आणि त्याला अजून पाणी होतं. लॉन आम्हीच लावलेलं. म्हणजे बाईंनी, असं शेठ म्हणायचे.

त्या चैत्रात शेठनी बोअरचं पाणी घरापुरतंच ठेवलं आणि लॉन पिवळं पडलं, मग तपकिरी, मग मातीच्या रंगाचं. शेठ मला म्हणाले, "विश्वनाथ, मेलं रे सगळं. खणून काढ. ते नवं बारीक पानाचं विलायती गवत आलंय म्हणतेत, ते लावू."

दुष्काळातली ही सर्वांत महागडी चूक, आणि ती जवळजवळ प्रत्येक घरमालक करतो. मी शेठसमोर बसलो, एक वाळकी दोरी उपटली आणि पेरापाशी नखानं खरडलं. आत ओला, फिका हिरवा रंग होता. मी म्हणालो, "शेठ, मेली न्हाई, झोपलीय. वरचं पान टाकून दिलं तिनं, जीव खाली नेऊन ठेवलाय. आमच्या वडिलांना जन्मभर मारता आली न्हाई ती एका उन्हाळ्यात मरती व्हय? पाण्याचा थेंब टाकू नका. पाऊस पडला की आपली आपण उठती."

असं झकास बोललो होतो मी. शेठनी ती काडी हातात घेतली, उलटी-पालटी केली आणि म्हणाले, "बरं. बाईंना एकदा विचारून सांग."

घरी येऊन मी तिच्याशी बोललोच नाही. तिनंच विचारलं, शेठ काय म्हणले? मी सांगितलं. ती म्हणाली, "मग काय सांगू त्यांना? मला तर मेल्यावानीच दिसून राहिलंय." मी चिडून सगळं पुन्हा सांगितलं. पेर, नख, झोप, वडील, सगळं. तिनं नीट ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो तर शेठच्या फाटकाबाहेर गल्लीतल्या बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या. हापसा बंद पडला होता. शेठ आत, जगतंय का बघायला, बोअरची नळी सोडून लॉन भिजवायच्या बेतात होते. एक बाई बाहेरून म्हणाली, "शेठ, आमच्या लेकराला पाणी न्हाई आन् तुमी गवत भिजवायलात?" शेठचा चेहरा पडला. पण समोर इतके लोक असताना माघार कशी घ्यायची, म्हणून ते नळी हातात धरून तसेच उभे राहिले. मी तोंड उघडणार तेवढ्यात आमची कारभारीण पुढं झाली. तिनं खाली वाकून एक काडी उपटली, नखानं खरडली आणि शेठपुढं धरली.

"शेठ, ह्यो बघा आतला रंग. मेली न्हाई, झोपलीय. माझ्या सासऱ्याला जन्मभर मारता आली न्हाई ती एका उन्हाळ्यात कशी मरंल? झोपलेल्याला पाणी पाजू नये, ठसका लागतो. नळी भाइर द्या."

ठसक्याचं तेवढं तिचं. बाकी शब्द न् शब्द माझा.

शेठ हसले. त्यांना माघार घ्यायला दार मिळालं. त्यांनी नळी फाटकाबाहेर सोडली आणि त्या उन्हाळ्यात ती तिथंच राहिली. गल्लीतल्या बाया आमच्या कारभारणीच्या हाताला हात लावून गेल्या. एक म्हातारी म्हणाली, "देवमाणूस हाय गं माळीणबाई तू." मी बाजूला उभा. मला कुणी म्हातारी काही म्हणाली नाही. रस्त्यानं मी तिला म्हणालो, "ते माझं वाक्य होतं."

"मग? चांगलं होतं की," ती म्हणाली.

आषाढात दोन सरी आल्या आणि शेठचं लॉन उठलं. ज्यांनी खणून काढून विलायती लावलं होतं त्यांच्या अंगणात धूळ. आणि शेठच्या अंगणात जुनी हरळी, अशी काही वर आली की लोक बघायला यायचे. तारीफ कुणाची झाली, ते आता तुम्हीच ओळखा.

पण नुसत्या तारिफेनं चूल पेटत नाही. दुसरं काम नव्हतंच. अशात शेठनी आम्हां दोघांना बोलावलं. त्यांचे मेहुणे नांदेडला एका नव्या कॉलेजचं बघायचे. मोठं आवार, गोदावरीचं पाणी, बाग नव्यानं करायची. महिन्याचा पगार आणि राहायला खोली. शेठ म्हणाले, "मी बाईंचं सांगून ठेवलंय. बागेची सगळी जिम्मेदारी बाईंवर. नागपंचमीनंतर मेहुणे येतील, तेव्हा पक्कं करू."

मी विचारलं, "आन् मी?"

"तू बी जा की. काहीतरी बघतील तुझं."

काहीतरी. त्या शब्दानं माझ्या अंगाची लाही झाली. मी घरी आलो आणि सांगून टाकलं, जायचं नाही. लातूर सोडायचं नाही. इथं माझं नाव आहे. ती म्हणाली, "नावानं पीठ येतंय का?" मी म्हणालो, हे बघ, न्हाई म्हणजे न्हाई. चार दिवस आमच्या घरात भांड्यांशिवाय कुणी बोललं नाही. डब्यात ज्वारी तळाला गेली होती. ती रोज डबा आपटून दाखवायची.

शेवटी एका दुपारी तिनं खुरपं दारात आपटलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"खरं सांगा. जळता ना माझ्यावर?"

आता नवरा-बायकोत असं कुणी विचारतं का? मी इकडं-तिकडं बघितलं. मग म्हणालो, "हाव. जळतो. पहिल्या दिवसापासून जळतो. रानातली हरळी माझ्या बापाची, माती मी कालवतो, उतार मी काढतो, आन् नाव तुझं. लातुरात कुठंबी जा, बाई, बाई, बाई! माझ्या अंगाची आग होती ते ऐकून."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल.

"नाव माझं?" ती म्हणाली. "कुठलं नाव? बाई हे काय नाव हाय व्हय? भाजीवालीबी बाई, भांडीवालीबी बाई. शेठ तुमाला विश्वनाथ म्हनतेत, डॉक्टर विश्वनाथराव म्हनतेत. दारावर पाटी तुमच्या नावाची. त्या इंजिनिअरच्या मंडळीनं माझी ओटी भरली, लुगडं दिलं कुणी, म्हातारीनं देवमाणूस म्हनलं. एकीनंबी इचारलं न्हाई की बाई, तुझं नाव काय. माझ्या हाताला नाव हाय, मला न्हाई. आन् तुमी! लग्नात एकदा उखाण्यात घेतलं, लोकांनी दार अडीवलं म्हनून. त्यावर आजतागायत 'अगं ए'. मला माझं नाव माहेरी गेलं तरच ऐकू येतंय. मी कुणावर जळू?"

खरं सांगायचं तर माझी जळजळ तरी कमी झाली नाही. मी एवढंच म्हणालो, "बायकोचं नाव घेत असतेत का चारचौघांत? आपल्यात न्हाई रीत."

"मग कशाला बोंबलता नाव, नाव म्हनून," असं म्हणून ती खुरपं उचलून आत गेली.

पंचमी झाल्यावर शेठचा निरोप आला. मी जाणार नव्हतो. पण ती लुगडं बदलून दारात उभी राहिली, तेच इरकल, आणि चालायला लागली. मी मागून गेलो. एकटीला कशी पाठवू? आणि एकटी गेली असती तर तिथं सगळं तिचंच झालं असतं, हेही मनात होतं. रस्ताभर मी ठरवत होतो की शेठला तोंडावर नाही म्हणायचं. वाक्यही जुळवलं होतं, चांगलं ठसठशीत.

ओसरीवर शेठ आणि त्यांचे मेहुणे बसले होते. नांदेडचे, जाड चष्मा, मोजकं बोलणं. समोर शेठचं लॉन, पावसानं धुतलेलं, इतकं हिरवं की डोळे निवावेत. मेहुणे बराच वेळ त्याच्याकडं बघत होते. मग मला म्हणाले, "तुम्ही विश्वनाथ ना? शेठनी सांगितलं. या बाईंनी केलंय हे सगळं?"

हीच वेळ होती. म्हणायचं होतं, साहेब, हात तिचा असंल, पण डोकं माझं. म्हणायचं होतं, आम्हाला नांदेडला यायचं नाही. ती ओसरीच्या पायरीखाली उभी होती, पदर दोन्ही हातांत घट्ट धरून. शेठ तिच्याकडं हात करून मेहुण्यांना म्हणाले, "ह्याच आमच्या बाई." एवढ्या वर्षांत तिच्या हातचं गवत त्यांच्या दारात उगवलं होतं, आणि त्यांच्या तोंडात एवढंच होतं.

मेहुण्यांनी मलाच विचारलं. बाईला तिचं नाव विचारायची रीत त्यांच्यातही नसावी. "बाईंचं नाव काय?"

चार माणसांत, दिवसाढवळ्या, लग्न नाही, उखाणा नाही. शेठचा गडी चहा घेऊन आला होता, तोही थांबला. आणि मला तिची ती दुपार आठवली. मला माहेरी गेलं तरच ऐकू येतंय.

"गंगामणी," मी म्हणालो.

तिनं मान वर केली. कुणीतरी लांबून हाक मारावी तसं बघितलं माझ्याकडं.

"लावण ती करती. तिच्यासारखी लावण माझ्यानं होत न्हाई," मी म्हणालो. "मी माती बघतो. दोघं येऊ."

हे मी का बोललो, देव जाणे. जुळवलेलं ठसठशीत वाक्य तसंच पोटात राहिलं.

"अरे वा, गंगामणीबाई!" शेठ म्हणाले. "या या, गंगामणीबाई, वर या, बसा. चहा घ्या, गंगामणीबाई." मेहुणेही म्हणाले, "तर मग गंगामणीबाई, नांदेडला भेटू." बघा म्हणजे कमाल. जे नाव माझ्या तोंडून निघायला अख्खा संसार लागला, त्याचा या दोघांनी एका चहात चघळून चोथा केला. ती पायऱ्या चढून वर बसली आणि प्रत्येक वेळी "जी" म्हणत होती. पहिल्यांदाच मला तिच्या हाताचा नाही, शेठच्या तोंडाचा हेवा वाटला. माझ्या बायकोचं नाव, आणि हे लोक कोण ते घेणारे?

चहा मला त्या दिवशी कपबशीत मिळाला. तो कसा लागला ते आठवत नाही.

परत येताना ती पुढं आणि मी मागं, नेहमीसारखे. यार्डाच्या कोपऱ्यावर पानाच्या टपरीपाशी गर्दी होती. ती थांबली. मी जवळ येईपर्यंत उभी राहिली. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, रस्त्याकडं बघूनच म्हणाली, "त्यांनी लई येळा घेतलं. तुमी एकदाच घेतलं."

"मग?"

"अजून एकदा घ्या की."

टपरीवर माझ्या ओळखीचे तिघे-चौघे उभे होते. पानवाला चुना लावता लावता आमच्याकडं बघत होता. मी घेतलं. शेठपेक्षा मोठ्यानं.